‘माझी जुनी फुप्फुसे टाकून देऊ नका’

प्रश्न : माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. ती दीड वर्षाची असताना तिला सिस्टिक फायब्रोसिस हा जनुकदोषामुळे होणारा जन्मजात आजार असल्याचे निदान झाले. गेल्या दोन वर्षांत तिची फुप्फुसे झपाट्याने खालावली आणि आता तिचे नाव फुप्फुस प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत आहे. या आजारावरच्या ज्या नव्या गोळ्यांचे एवढे कौतुक होते त्या तिला लागू पडत नाहीत, कारण तिच्या जनुकातले दोन्ही दोष दुर्मीळ प्रकारचे आहेत. मागच्या महिन्यात तपासणीहून परतल्यावर तिने टेबलावर दोन छापील फॉर्म ठेवले आणि म्हणाली, “ऑपरेशनमध्ये काढतील ती माझी जुनी फुप्फुसे टाकून देऊ नका, संशोधनाला द्या. आणि मी गेलेच, तर बाकीचेही द्या.” तिचे वडील उठून आत गेले. त्यानंतर त्यांनी या विषयावर एक शब्दही काढलेला नाही. मी रोज ते फॉर्म उचलून कपाटावर ठेवते आणि ती रोज ते परत टेबलावर आणून ठेवते. जन्मभर सुया आणि नळ्या सोसलेल्या या शरीराला शेवटी तरी कोणी हात लावू नये असे मला वाटते. यात तिचा फायदा काय? फुप्फुसे संशोधनाला द्यायची म्हटल्यावर शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांचे लक्ष तिच्यावरून उडणार नाही ना? आणि उद्या काही बरेवाईट झालेच, तर ती आम्हाला कोणत्या अवस्थेत परत मिळेल? धाकटा मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्याला हा आजार नाही. तोही आता ‘मीपण देतो’ म्हणू लागला आहे. मी सही करायला तिच्याबरोबर जावे का?
— एक आई

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एक बारीकसा तपशील आहे, जो लिहिताना कदाचित तुमच्याही लक्षात आला नसेल. मुलीने टेबलावर दोन फॉर्म ठेवले. तुम्ही मात्र रोज दोन्ही एकत्र उचलता आणि एकत्रच कपाटावर ठेवता. आधी हे दोन कागद एकमेकांपासून सुटे करू या. पहिल्याचा मृत्यूशी काहीही संबंध नाही, दुसऱ्याचा आहे, आणि दुसऱ्याच्या धास्तीने तुम्ही पहिलाही वाचलेला नसावा असे तुमच्या प्रश्नांवरून मला वाटते.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये प्रत्यारोपण करताना दोन्ही फुप्फुसे बदलावी लागतात, कारण एक जुने फुप्फुस आत राहिले तर त्यातले जंतू नव्या फुप्फुसात उतरतात. म्हणजे तुमची मुलगी हो म्हणो वा नाही म्हणो, तिची दोन्ही फुप्फुसे त्या दिवशी बाहेर येणारच आहेत. ती विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागात जातील, तिथे तपासणीला लागतील तेवढे तुकडे घेतले जातील, अहवाल लिहिला जाईल आणि उरलेला भाग काही काळाने नियमाप्रमाणे नष्ट केला जाईल. संशोधनासाठी संमती दिली तर हा उरलेला भाग नष्ट न होता बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जातो, इतकाच काय तो फरक. शस्त्रक्रियेचा एक टाकाही त्यामुळे बदलत नाही. फुप्फुस न्यायला आलेली व्यक्ती शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर थांबलेली असते आणि तुमच्या मुलीच्या उपचारांत तिचा कसलाही शब्द चालत नाही. डॉक्टरांचे लक्ष उडेल ही भीती आईच्या मनात येणे स्वाभाविक आहे, पण तिला आधार नाही.

हे सदर लिहू लागण्यापूर्वी मी बरीच वर्षे विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली आणि अशी फुप्फुसे हातात घेतली आहेत. निरोगी फुप्फुस स्पंजासारखे हलके असते. दाबले तर बोटाखाली हवा करकरते. हे फुप्फुस मात्र जड आणि घट्ट लागते. ते कापले की ज्या श्वासनलिका कडेकडे जाताना बारीक बारीक होत जायला हव्यात, त्या कडेपर्यंत रुंदच राहिलेल्या दिसतात आणि त्यांच्यात हिरवट पिवळा, डिंकासारखा स्राव ठासून भरलेला असतो. चिमट्याने ओढला तर कधीकधी तो फांद्यांसकट अखंड बाहेर येतो, आतून नलिकेचा साचा घेतल्यासारखा. तुमच्या मुलीने रोज सकाळी नेब्युलायझर लावून, पाठीवर थापट्या घेऊन, खोकून खोकून जो काढण्याचा प्रयत्न केला, तो हाच. हे माणूस कालपर्यंत जिना कसा चढत होते, असे अशा वेळी प्रयोगशाळेतल्या कोणाच्या तरी तोंडून हमखास निघते.

पण संशोधकाला हवे असते ते त्या स्रावाखालचे अस्तर. श्वासनलिकेचा तुकडा स्वच्छ धुऊन, त्यातले जंतू मरावेत म्हणून प्रतिजैविकांत ठेवून, त्याच्या आतल्या बाजूच्या पेशी सुट्या करतात आणि सच्छिद्र पडद्यावर पसरतात. पडद्याच्या खाली पोषक द्रव आणि वर मोकळी हवा, म्हणजे खऱ्या श्वासनलिकेत असते तशीच मांडणी. साधारण तीन-चार आठवड्यांत त्या पेशींवर सूक्ष्म केसांची लव उगवते आणि ती हलू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर उभ्या पिकावरून वारा जावा तशी लाट दिसते. निरोगी पेशींवर द्रवाचा सुमारे सात मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका थर असतो आणि त्या थरातच ही लव मोकळेपणी हलते. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या पेशींतून क्लोराइड (मिठातला एक घटक), आणि त्याच्यामागोमाग पाणी, पुरेसे बाहेर येत नाही, म्हणून हा थर आटतो आणि लव चिकट स्रावाखाली दबून जाते. आता या पेशींवर नवे औषध घालायचे आणि क्लोराइडचा प्रवाह सुरू होतो का हे मोजायचे. जे औषध इथे काही करून दाखवत नाही ते रुग्णाला देण्यात अर्थ नसतो, आणि जे दाखवते त्याच्यावर पुढची वर्षे खर्च करता येतात.

उंदरावर हे का होत नाही, असे तुम्ही विचाराल. झाले आहे. १९९२ मध्ये हा जनुकदोष असलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांची आतडी तुंबली, पण फुप्फुसांत माणसासारखा आजार काही झाला नाही. पुढे २००८ मध्ये असाच दोष असलेली डुकरे तयार झाली आणि त्यांचा आजार माणसाच्या बराच जवळ जातो. तरीही एखाद्या विशिष्ट माणसाच्या विशिष्ट दोषावर औषध चालेल का, हे त्याच्या पेशींइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही.

या आजाराला नाव मिळाले तेही मृत मुलांच्या स्वादुपिंडामुळे. न्यूयॉर्कच्या बाल रुग्णालयात विकृतिशास्त्राचे काम करणाऱ्या डोरोथी अँडरसन यांना, दुसऱ्याच आजाराने गेले असे समजल्या गेलेल्या एका मुलाच्या शवविच्छेदनात स्वादुपिंडात काही वेगळे दिसले, म्हणून त्यांनी तशी आणखी प्रकरणे शोधून काढली आणि १९३८ मध्ये स्वादुपिंडाचा सिस्टिक फायब्रोसिस या नावाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८३ मध्ये, स्वतःला हाच आजार असलेले शास्त्रज्ञ पॉल क्विंटन यांनी घामाच्या ग्रंथींच्या सूक्ष्म नलिकांवर काम करून दाखवून दिले की खरी अडचण क्लोराइडच्या वाटेत आहे. १९८९ मध्ये सातव्या गुणसूत्रावरचे सीएफटीआर हे जनुक सापडले. पेशीतून क्लोराइडला वाट देणारे, त्याच नावाचे प्रथिन या जनुकावरून बनते. त्यानंतर वीस वर्षांनी, २००९ मध्ये, आयव्हाकाफ्टर हे औषध प्रयोगशाळेत रुग्णांच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर काम करते असे प्रसिद्ध झाले आणि २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अशा पेशी बहुतेक वेळा येतात त्या प्रत्यारोपणात काढलेल्या फुप्फुसांतूनच. ज्या गोळ्यांचे कौतुक तुमच्या कानावर येते, त्यांच्या मुळाशी कोणाच्या तरी मुलीची किंवा मुलाची जुनी फुप्फुसे आहेत.

‘यात तिचा फायदा काय’ या तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर, काही नाही. संशोधनासाठी दिलेल्या ऊतीतून दात्याला उपचार मिळत नाही, यादीतला क्रमांक वर सरकत नाही, पैसे मिळत नाहीत, आणि निष्कर्ष कळवला जाईल अशी खात्रीही बहुधा नसते. याहून गोड काही कोणी सांगितले तर सावध राहा. तुमच्या मुलीला हे ठाऊक असणार, असे मला तिच्या एका वाक्यावरून वाटते.

तिला हा हट्ट का सुचला असावा, याबद्दल मात्र माझे एक अनुमान आहे. २०१९ मध्ये तीन औषधांची एकत्रित गोळी आली. एफ५०८डेल या सर्वाधिक आढळणाऱ्या जनुकदोषाची एक जरी प्रत असली तरी ती गोळी लागू पडते, आणि युरोपीय वंशाच्या रुग्णांपैकी बहुतेकांकडे हा दोष असतो. इतर वंशांत त्याचे प्रमाण कमी आहे, म्हणून गोळीबाहेर राहणाऱ्यांचे प्रमाण तिथे जास्त. सीएफटीआर जनुकात आजवर दोन हजारांहून अधिक बदल नोंदले गेले आहेत आणि त्यांपैकी काहींमध्ये तर प्रथिन तयार होण्याचे कामच अर्ध्यावर थांबते. जे प्रथिन मुळी बनलेच नाही ते दुरुस्त कसे करायचे? या उरलेल्या लोकांसाठी वेगळी औषधे शोधायची तर त्यांच्याच पेशी हव्यात. इकडे गोळ्यांना यश आले तसे या आजारासाठी होणारी प्रत्यारोपणे खूप घटली. ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्यामुळे प्रयोगशाळांकडे येणारी फुप्फुसेही घटली. ज्या कारणाने तुमच्या मुलीला गोळी मिळाली नाही, त्याच कारणाने तिच्या पेशी मोलाच्या ठरतात, आणि चोवीस वर्षे हा आजार वागवणाऱ्या मुलीला हे समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

आता पहिला फॉर्म कपाटावरून काढा आणि तिच्यासोबत बसून वाचा. संमती व्यापक आहे की एका प्रकल्पापुरती, हे पाहा. व्यापक असेल तर पेशी गोठवून वर्षानुवर्षे ठेवल्या जातील, आज कोणाच्या मनातही नसलेल्या प्रयोगांत वापरल्या जातील आणि दुसऱ्या संस्थांना किंवा औषध कंपन्यांना दिल्या जातील. हे वाईट नाही, उलट पेशी जास्तीत जास्त लोकांपर्यंत जाव्यात हेच बरे. पण ते माहीत असून सही करणे वेगळे आणि नंतर कळणे वेगळे. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या, जगभर वाढवल्या गेल्या आणि तिच्या मुलांना कित्येक वर्षे त्याचा पत्ता नव्हता. आजचे संमतिपत्र इतके लांबलचक असते त्यामागे अशा इतिहासाचाही वाटा आहे, म्हणून त्याच्या लांबीला कंटाळू नका.

नाव काढून सांकेतिक क्रमांक दिला जातो का आणि त्या क्रमांकाची किल्ली कोणाकडे राहते, हे विचारा. संमती मागे घेता येते का, आणि घेतली तर आधीच वापरलेल्या नमुन्यांचे काय होते, हेही विचारा. वापरून झालेली माहिती बहुधा परत काढता येत नाही. संपूर्ण जनुकीय वाचन होणार असेल आणि त्यात तिच्या आजाराशी संबंध नसलेले काही आढळले, तर ते तिला सांगितले जावे की नाही, याचा रकाना असतो किंवा असायला हवा. नैतिक समितीची मान्यता आहे का, ही विचारपूस संकोच न करता करा. आणि एक अगदी व्यवहाराची गोष्ट, जिच्याकडे फारच कमी लोक लक्ष देतात: ही सही आत्ताच व्हायला हवी. प्रतीक्षायादीतला फोन मध्यरात्री येऊ शकतो, त्यानंतर हातात फार थोडा वेळ असतो, आणि त्या धावपळीत संशोधनाचे संमतिपत्र शांतपणे वाचून घेणे कोणालाही शक्य नसते, कोणी तसा प्रयत्नही करू नये.

दुसरा फॉर्म अवघड आहे. तो सोपा आहे असे भासवण्याचा माझा विचार नाही.

मृत्यूनंतरच्या दानाचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. एक, दुसऱ्या माणसाच्या शरीरात बसवण्यासाठी अवयव देणे; दुसरा, संशोधनासाठी देणे. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या व्यक्तीचे नेत्रदान बहुधा होऊ शकते. हृदयासारखा अवयवही काही वेळा चालू शकतो. १९८० च्या दशकात या आजाराच्या रुग्णांना हृदय आणि फुप्फुसे एकत्र बसवली जात तेव्हा त्यांचे स्वतःचे धडधाकट हृदय दुसऱ्या रुग्णाला दिल्याची उदाहरणे आहेत. अंतिम निर्णय त्या वेळची प्रकृती आणि संसर्ग पाहून वैद्यकीय चमू घेतो, म्हणून मुलीच्या मनात हेही असेल तर ते वेगळे नोंदवावे लागेल. संशोधनाच्या फॉर्मवर सही केली म्हणजे नेत्रदानाची इच्छाही नोंदली गेली, असे होत नाही.

प्रत्यारोपण यशस्वी झाले आणि ती पुढे दीर्घकाळ जगली, तर हा दुसरा फॉर्म निरर्थक ठरतो का? नाही. नवी फुप्फुसे दुसऱ्याची असतात, पण स्वादुपिंड, यकृत, आतडे आणि नाकाच्या भोवतालचे सायनस तिचेच राहतात आणि त्यांतला आजारही तसाच राहतो. स्वादुपिंडाचे नुकसान तर बहुतेकांमध्ये जन्माआधीच सुरू झालेले असते आणि पुढे त्यातूनच या आजाराचा मधुमेह उद्भवतो. स्वादुपिंडाचा मोठा तुकडा जिवंत माणसाकडून घेता येत नाही, त्यामुळे त्याचा अभ्यास जवळजवळ पूर्णपणे मृत्यूनंतरच्या दानावर अवलंबून आहे. म्हणून हा फॉर्म म्हणजे प्रत्यारोपण फसणार असे गृहीत धरणे नव्हे. चाळीस वर्षांनी लागला तरी तो उपयोगी पडेल, आणि त्या दिवशी कदाचित तुम्ही आणि मी दोघीही नसू.

तुमचा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे: ती आम्हाला कोणत्या अवस्थेत परत मिळेल. संशोधनासाठी ऊती घेणे ही शवविच्छेदनासारखीच प्रक्रिया असते. छाती आणि पोटावर छेद घेतला जातो, ठरलेले अवयव किंवा त्यांचे भाग काढले जातात आणि छेद शिवून बंद केला जातो. चेहरा, हात, केस यांना हात लावला जात नाही. कपडे घातल्यावर टाके दिसत नाहीत आणि अंत्यदर्शन नेहमीप्रमाणे घेता येते. काम सहसा काही तासांत आटोपते. अंत्यविधीला तेवढा उशीर होऊ शकतो, फार मोठा नाही. ऊती काढण्याचा आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च कुटुंबावर पडू नये. फॉर्ममध्ये तसे स्पष्ट लिहिले नसेल तर लिहून मागा. संपूर्ण देहदान ही याहून निराळी गोष्ट आहे, त्यात देह दीर्घकाळ संस्थेकडे राहतो. तुमच्या मुलीने आणलेला फॉर्म कोणता, हे मथळा वाचून खात्री करून घ्या.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. जिवंत पेशी वाढवायच्या असतील तर ऊती मृत्यूनंतर काही तासांत थंडाव्यात पोहोचायला हवी, आणि पेशींतले आरएनए (जनुकांचा निरोप वाहून नेणारे रेणू) तर त्याहून लवकर तुटू लागते. माझ्या प्रयोगशाळेच्या दिवसांतला एक प्रसंग सांगते. एका तरुणाने दानाची इच्छा तोंडी सांगितली होती, फॉर्मही भरला होता, घरचेही राजी होते. तो शनिवारी रात्री गेला. फॉर्म त्याच्या टेबलाच्या खणात होता, त्यावरचा दूरध्वनी क्रमांक कोणाला पाठ नव्हता, रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना या नोंदीची कल्पनाच नव्हती. वडिलांचा फोन आमच्यापर्यंत आला तो सोमवारी सकाळी. आम्ही त्यांना सांगितले की आता पेशी वाढणार नाहीत. ते बराच वेळ फोन धरून होते आणि मग त्यांनी विचारले, “मग आता काहीच घेणार नाही का?” त्या आवाजाने मी आजही अस्वस्थ होते. मुलाच्या जाण्याच्या जोडीला त्यांना आणखी एक गोष्ट हुकल्याचे दुःख मिळाले, आणि ते टाळता येण्यासारखे होते.

म्हणून तुमची संमती या व्यवहारात नुसती औपचारिक राहत नाही. मुलगी सज्ञान आहे, जिवंतपणी निर्णय तिचा आहे आणि पहिल्या फॉर्मसाठी तुमच्या सहीची गरजही नाही. पण मृत्यूनंतर कोणाची सही चालते याचे कायदे ठिकाणोठिकाणी वेगळे आहेत, आणि कायदा काहीही म्हणो, दारात उभ्या असलेल्या आईने ‘नको’ म्हटले तर पुढे जाणारा, दानाची व्यवस्था पाहणारा समन्वयक मी पाहिलेला नाही. म्हणजे तुम्ही नकार दिलात तर तिची इच्छा तिथेच थांबेल. हे मी दडपण आणण्यासाठी लिहीत नाही. तुम्हाला हे जमणार नसेल, तर ते तिला आजच सांगा. ती मग ही जबाबदारी एखाद्या मावशीकडे, मैत्रिणीकडे किंवा भावाकडे देईल, आणि वेळ आली तर फोन ती व्यक्ती करील. रोज फॉर्म कपाटावर ठेवून तुम्ही तिला अर्धवट नकार देत आहात. पुरा नकार तिला जास्त उपयोगी पडेल.

तिच्याशी बोलायला बसाल तेव्हा ‘द्यायचे की नाही’ इथून सुरुवात करू नका, कारण त्याचे उत्तर ती देऊन बसली आहे. काय द्यायचे नाही, ते विचारा. बऱ्याच फॉर्मवर अवयवांची नावे वेगवेगळी असतात आणि एकेकासमोर खूण करायची असते. एका मुलीने सगळे दिले होते आणि डोळे तेवढे राखून ठेवले होते. का, ते तिने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. जन्मभर सुया सोसलेल्या शरीराला कोणी हात लावू नये असे तुम्हाला वाटते, ते मी दोनदा वाचले. त्या सुयांच्या वेळी तिला निवड नव्हती. इथे पहिल्यांदाच तिला विचारले जात आहे, आणि हात कोणी, कशासाठी आणि कुठवर लावायचा हे ती स्वतः ठरवते आहे. तुम्हाला ते पटलेच पाहिजे असे नाही, पण तिच्या बाजूने एकदा पाहा.

तिच्या वडिलांवर रागावू नका. ते उठून आत गेले ते बहुधा दुसऱ्या वाक्यावर, पहिल्यावर नव्हे. त्यांना फक्त पहिला फॉर्म वाचायला द्या आणि दुसऱ्याचा विषय तूर्त काढू नका. प्रत्यारोपण केंद्रात समुपदेशक असतात. पुढच्या तपासणीला चौघांनी मिळून त्यांच्याकडे अर्धा तास मागून घ्या. दारामागे गेलेली माणसे परक्या खोलीत कधीकधी बोलती होतात.

धाकट्याबद्दल थोडक्यात. त्याला आजार नसला तरी तो वाहक, म्हणजे जनुकाची एकच सदोष प्रत बाळगणारा, असण्याची शक्यता तीनात दोन आहे, कारण तुम्ही दोघेही वाहक आहात. ही तपासणी त्याने स्वतःला हवी तेव्हा, सज्ञान झाल्यावर, समुपदेशन घेऊन करावी. संशोधनाच्या उत्साहात ती आडवाटेने होऊ नये. द्यायचेच असेल तर जिवंतपणी देण्यासारखे पुष्कळ आहे. नाकात बारीक ब्रश फिरवून पेशी घेतात. डोळ्यांत पाणी येते, मिनिटभरात संपते. गुदाशयाच्या अस्तराचा कणभर तुकडा घेतात, तिथे वेदना जवळजवळ होत नाही, आणि त्यातून आतड्याची सूक्ष्म रूपे वाढवता येतात, ज्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. सीएफटीआर काम करत असेल तर एक विशिष्ट रसायन घातल्यावर ही रूपे फुगतात, नसेल तर तशीच राहतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि दुर्मीळ दोष असलेल्या व्यक्तीवर कोणते औषध चालू शकेल हे तपासण्यासाठी ती आता वापरली जाते. ही एक गोष्ट अशी आहे की जिचा तुमच्या मुलीला स्वतःलाही उपयोग होण्याची थोडी शक्यता आहे. तिच्या डॉक्टरांना याबद्दल अवश्य विचारा. निरोगी माणसाच्या पेशींचीही तुलनेसाठी गरज असते, म्हणून धाकट्याचे ‘मीपण देतो’ अगदीच पोरकट नाही. पण तो अठराचा होईपर्यंत सही तुम्हा दोघांची लागेल, आणि बहिणीच्या शस्त्रक्रियेआधी त्याची घाई करू नका.

सही करायला तिच्याबरोबर जावे का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. पहिल्या फॉर्मसाठी जा, या आठवड्यातच. जाण्याआधी त्यावरचा चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक तुमच्या, तिच्या वडिलांच्या आणि धाकट्याच्या मोबाइलमध्ये नोंदवा, आणि फॉर्मची एक प्रत तिच्या रुग्णालयाच्या फाइलमध्ये लावली आहे याची खात्री करून घ्या. दुसरा फॉर्म टेबलावर राहू द्या. तो तिने भरायचा आहे; साक्षीदाराच्या रकान्यात तुमचेच नाव असले पाहिजे, असा काही नियम नाही.